चौकटीतला पाऊस : एका नव्या साधनाची चिकित्सा

सीमाभागाच्या स्थानिक इतिहासावर अलीकडे जे लेखन होतंय, त्यात एक नवं चित्र वारंवार दिसू लागलंय. लेख दुष्काळावरचा असो, एखाद्या घराण्याच्या स्थलांतरावरचा असो की गावच्या जुन्या तळ्यावरचा, मधोमध लाल-निळ्या चौकटींचा एक नकाशा असतो. लाल म्हणजे सरासरीपेक्षा कमी पाऊस, निळा म्हणजे जास्त. खाली बारीक अक्षरात 'आयएमडी ग्रिडेड डेटा' एवढंच. लेखक तिथून पुढे निघून जातो आणि वाचकही. नकाशा छापला की वाद मिटला, असा एकूण सूर.

माझा आक्षेप नकाशाला नाही. आक्षेप आहे तो चिकित्सा न करता नकाशा वापरण्याला. मोडी कागद हाती आला की आपण विचारतो, अक्षर कुणाचं, तारीख कोणत्या कालगणनेतली, कागद अस्सल की नक्कल, आणि नक्कल असेल तर कुणी, कधी, कशासाठी केली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. तेव्हापासून अस्सल पत्र आणि बखर यांत फरक करण्याची सवय आपल्याला लागली. मग पावसाचा आकडा संगणकातून आला म्हणून त्याला ही उलटतपासणी माफ का?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. अथणी, रायबाग, गोकाककडून बेळगावात येऊन स्थिरावलेल्या कितीतरी घरांत 'अमक्या साली पाऊस गेला, आजोबा बैल विकून इकडे आले' अशी आठवण असते. आता काही लेखांत या आठवणींचा निकाल चौकटीच्या रंगावर लागू लागलाय. चौकट लाल निघाली तर आठवण खरी, पांढरी निघाली तर 'लोकस्मृतीतली अतिशयोक्ती'. ज्यांच्याकडे दुसरा कागद नाही, त्यांची एकुलती एक साक्ष आपण अशी बाद करणार असू, तर ज्या आकड्याने ती बाद होते तो आकडा कसा तयार झाला हे आधी पाहायला हवं.

आकडा कसा तयार होतो

आपल्याकडे सर्वाधिक वापरली जाते ती भारतीय हवामानशास्त्र विभागाची पाव अंशाची जाळी. देशाच्या नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या पाव-पाव अंशावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि १९०१पासून प्रत्येक दिवसासाठी प्रत्येक ठिकाणी पावसाचा एक आकडा द्यायचा, अशी ही रचना. पूर्ण जाळी १३५ गुणिले १२९ बिंदूंची. समुद्र आणि देशाबाहेरचा भाग जिथे येतो तिथे उणे ९९९ हा खुणेचा आकडा असतो. तो गाळायचं विसरून बेरीज केली तर किनाऱ्यालगतच्या भागाचा पाऊस शून्याच्याही खाली जातो. अशी चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. मी बोलतोय ते न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल.

आपल्या अक्षांशावर पाव अंश म्हणजे साधारण २७ ते २८ किलोमीटर. एका चौकटीत सातशेहून जास्त चौरस किलोमीटर मुलूख येतो. एवढ्या मुलखाला दिवसाकाठी एक आकडा. तो कुणी मोजलेला नसतो, काढलेला असतो. आसपासच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी घ्यायच्या, जवळच्या मापकाला जास्त वजन, लांबच्याला कमी, ठराविक अंतरापलीकडच्याला काहीच नाही, असा तो हिशेब. या कामासाठी एकूण ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. आकडा मोठा वाटतो, पण ही सगळी केंद्रं एकाच वेळी कधीच चालू नव्हती. १९०१ साली सुमारे १,४५० केंद्रांच्या नोंदी मिळाल्या, तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३,९५०.

म्हणजे १९०५ सालची चौकट आणि १९९२ सालची चौकट एकाच मापाची, एकाच रंगात छापलेली असली, तरी दोन्हींच्या मागे उभे असलेले साक्षीदार सारखे नाहीत. एकीच्या आत कदाचित दोन मापक असतील, दुसरीच्या आत एकही नसेल आणि तिचा आकडा शेजारच्या दोन तालुक्यांवरून ओढून आणलेला असेल. फायलीत फक्त पाऊस असतो, त्यामागे किती मापक होते ते नसतं. जर्मनीच्या हवामान खात्याकडून निघणाऱ्या जीपीसीसी या मासिक जाळीत प्रत्येक चौकटीसोबत मापकांची संख्याही दिलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकाला पावसाइतकीच ही संख्या मोलाची आहे. ती शून्य असेल तर समोरचा आकडा ऐकीव आहे, एवढं तरी समजतं.

इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या सीआरयू या अर्ध्या अंशाच्या जाळीत तर आणखी सावध राहावं लागतं. तिथे पावसासाठी ४५० किलोमीटरपर्यंतचा मापक विचारात घेतला जातो. बेळगावहून सरळ रेषेत मुंबईसुद्धा या अंतराच्या आत येते. आणि ज्या चौकटीला तेवढ्या अंतरातही एकही नोंद मिळत नाही, तिथे १९६१ ते १९९०ची सरासरीच भरली जाते. नकाशावर ती चौकट पांढरी दिसते, म्हणजे 'पाऊस नेहमीसारखा'. प्रत्यक्षात तिचा अर्थ 'नोंद नाही' असा असतो. भारतात मापक पुष्कळ असल्याने आपल्यावर ही वेळ क्वचित येईल, पण पांढरा रंग निर्दोष नसतो हे लक्षात ठेवायला हे उदाहरण पुरेसं आहे.

बखरीशी तुलना करायची तर एक मोठा फरक मान्य करायला हवा. बखरकार आपण काय गाळलं, काय जोडलं ते सांगत नाही. जाळी करणाऱ्यांनी आपली रीत छापून ठेवली आहे आणि आकडे कुणालाही उतरवून घेता येतात. लपवाछपवी कुठेच नाही. रीत वाचायचे कष्ट आपण घेत नाही, एवढाच प्रश्न आहे.

घाट आणि पठार

हा हिशेब सपाट मुलखात बऱ्यापैकी जमतो. आपला मुलूख सपाट नाही. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबीचा घाटमाथा, जिथे मलप्रभा उगवते. तिथला पाऊस बेळगाव शहराच्या दुपटीहून पुष्कळ जास्त. बेळगावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर, तर ईशान्येला अथणीकडे जाईपर्यंत सहाशेच्या घरात. शेजारी आंबोली, हवाई अंतराने बेळगावपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जाळीच्या भाषेत आंबोली आणि बेळगाव यांच्यात जेमतेम दोन चौकटींचं अंतर.

आता बेळगावची चौकट पाहू. शहर १५.८५ उत्तर अक्षांश आणि ७४.५० पूर्व रेखांशाच्या जवळपास. जाळीचा सर्वांत जवळचा बिंदू १५.७५ आणि ७४.५०, म्हणजे शहराच्या दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर, खानापूरच्या वाटेवर. खानापूर गाव नेमकं या चौकटीच्या दक्षिण शिवेवर येतं. खानापूरचा पाऊस बेळगावपेक्षा बराच जास्त, तिथलं मुख्य पीक भात. तरी दोन्हीकडची शेतं एका आकड्यात बसवलेली. 'बेळगावचा पाऊस' म्हणून लेखात जो आलेख छापला जातो, तो बेळगावचाही नसतो आणि खानापूरचाही नसतो.

हे दाखवायला मुंबईचं एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. २६ जुलै २००५च्या त्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. कुलाब्याला जेमतेम ७३-७४. दोन केंद्रांमधलं अंतर एका चौकटीच्या रुंदीपेक्षाही कमी. या दोन आकड्यांची सरळ सरासरी काढली तर पाचशेच्या वर जाते. पाचशे मिलिमीटर पाऊस या दोहोंपैकी कुठेही पडला नव्हता. जाळीचा हिशेब यापेक्षा बारकाईने होतो हे खरं, पण त्याची जात हीच. तो उतार गुळगुळीत करतो. घाटावरचा पाऊस कमी दाखवतो, पठारावरचा थोडा फुगवतो आणि इतिहासात ज्या कडा महत्त्वाच्या असतात त्याच पुसून टाकतो.

काही जण यावर उपाय म्हणून आणखी बारीक जाळी घेतात. चर्प्स नावाची जाळी अंशाच्या विसाव्या भागाची आहे, म्हणजे पाच-साडेपाच किलोमीटरची चौकट. पण ती १९८१पासूनचीच, आणि तिचा मोठा आधार उपग्रहाने टिपलेलं ढगांच्या माथ्याचं तापमान. माथा जितका थंड, तितका पाऊस जास्त, असा ठोकताळा. आपल्या घाटावर मात्र फार उंच न गेलेले ढगसुद्धा दिवसेंदिवस कोसळत राहतात. त्यांचा पाऊस अशा मोजणीत कमी भरतो. चौकट बारीक झाली म्हणजे माहितीही तितकीच बारीक झाली असं होत नाही.

आणखी एक खुबी. समजा एखाद्या चौकटीत सुरुवातीची चाळीस वर्षं फक्त पठारावरचा मापक होता आणि पुढे घाटाकडे दुसरा बसला. ज्या वर्षी तो नोंदी पाठवू लागला, त्या वर्षापासून चौकटीचा पाऊस वाढलेला दिसेल, आभाळातून थेंबभर जास्त पडला नसला तरी. मग कुणीतरी लिहील की 'अमक्या दशकापासून या भागात पाऊस वाढला'. वाढली ती मोजणी. म्हणून चौकटीच्या आलेखात एकदम पायरी दिसली तर हवामानाआधी मापकांचा इतिहास पाहावा.

सरासरी कुणाची

विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा फरक, हा या नकाशांचा जीव. लाल-निळा रंग त्याचाच. पण फरक काढायला दोन आकडे लागतात आणि दुसऱ्या आकड्याबद्दल लेखांत अवाक्षर नसतं. सरासरी कोणत्या वर्षांची?

देशाच्या मोसमी पावसाचीच सरासरी घ्या. १९५१ ते २००० या वर्षांवरून ती ८९ सेंटिमीटर धरली जात होती. पुढे १९६१ ते २०१०वरून ८८ झाली आणि २०२२मध्ये १९७१ ते २०२०वरून ८७. माप बदललं की जुनी वर्षंही रंग बदलतात. हवामान खात्याच्या कोष्टकात १९ टक्क्यांपर्यंतची घट 'सामान्य' आणि २० टक्क्यांपासून 'तूट'. समजा एखाद्या चौकटीची सरासरी ५०० मिलिमीटर आणि एका वर्षी पाऊस ४००. घट २० टक्के, चौकट लाल. आता पायाभूत वर्षं बदलली आणि सरासरी ४८० झाली. तोच ४०० मिलिमीटर पाऊस, घट १७ टक्क्यांच्याही खाली, चौकट पांढरी. शेतकऱ्याच्या रानात काहीच बदललेलं नाही. दुष्काळ मात्र नकाशावरून गेला.

इतिहासाच्या दृष्टीने याहून गंभीर दोष कालविपर्यासाचा. १९०५ सालचं विचलन १९७१ ते २०२०च्या सरासरीवरून काढलं, तर आपण त्या शेतकऱ्याचा पाऊस त्याच्या नातवंडांच्या अपेक्षेने मोजतो. पाऊस 'कमी' झाला असं त्याला वाटलं ते त्याने स्वतः पाहिलेल्या वीस-तीस वर्षांच्या तुलनेत. त्या काळच्या माणसांनी काय अनुभवलं याबद्दल लिहायचं असेल, तर त्या वर्षाच्या आधीची वीस-तीस वर्षं घेऊन सरासरी काढावी. आकडे १९०१पासून हाताशी असताना हे अवघड नाही. फक्त तयार नकाशा उचलण्याचा मोह सोडावा लागतो.

टक्क्यांचीही गंमत आहे. कणकुंबीला २० टक्के घट म्हणजे कित्येक शे मिलिमीटर, तरी भाताला पुरून उरेल एवढा पाऊस राहतो. अथणीकडे २० टक्के म्हणजे शंभर-सव्वाशे मिलिमीटर आणि तेवढ्यात शाळू वाळून जाऊ शकतो. नकाशावर दोन्हींचा लाल रंग अगदी एकसारखा.

चार महिन्यांची पेटी

बहुतेक नकाशे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या बेरजेवर बेतलेले असतात. देशाच्या पातळीवर हे ठीक. आपल्या पूर्वेकडच्या काळ्या रानांत मात्र शाळूचं भवितव्य परतीच्या पावसावर ठरतं. नक्षत्रांच्या भाषेत सांगायचं तर हल्ली हस्त लागतं २६-२७ सप्टेंबरच्या सुमाराला. म्हणजे हस्ताचे जेमतेम तीन-चार दिवस या पेटीत येतात, बाकीचे दहा बाहेर राहतात. चित्रा आणि स्वाती तर पूर्ण बाहेर. एखाद्या साली मृगापासून उत्तरेपर्यंत ठीक पाऊस झाला आणि हत्ती कोरडा गेला, तर चार महिन्यांची चौकट पांढरी दिसेल आणि शाळूच्या गावात त्या वर्षाची आठवण दुष्काळाची असेल. दोघंही खरं बोलत असतात. वळवाच्या पावसाचंही तेच. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव बेळगावकरांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट, पण या पेटीला तो ठाऊक नाही.

आणि बेरीज जुळली तरी क्रम जुळला असं नाही. मृग-आर्द्रात भरपूर पाऊस, मग पुनर्वसू-पुष्यात ओढ, पुन्हा मघात मुसळधार. बेरीज सामान्य, पीक गेलेलं. इथे जाळीचा खरा उपयोग होऊ शकतो, कारण तिच्यात रोजचा आकडा आहे. महिन्याऐवजी नक्षत्रवार बेरीज मांडली, तर आपले आजोबा ज्या भाषेत पाऊस सांगायचे त्याच भाषेत आकडे बोलू लागतात. एवढं ध्यानात ठेवावं की नक्षत्रांच्या इंग्रजी तारखा शंभर वर्षांत दीडेक दिवस पुढे सरकतात, तेव्हा जुन्या सालासाठी त्या सालचंच पंचांग उघडावं.

तारखेचाही एक पेच आहे. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि आदल्या साडेआठपासूनचा पाऊस त्या दिवसाच्या रकान्यात लिहितात. मुंबईचा तो प्रसिद्ध पाऊस पडला २६ जुलैला, पण ९४४चा आकडा २७ जुलैच्या नोंदीत आहे. जुन्या रोजनिशीत 'आज दुपारी अतोनात पाऊस' असं असेल आणि जाळीत त्या तारखेला काहीच नसेल, तर रोजनिशी खोटी ठरवण्याआधी पुढचा रकाना पाहावा.

पाऊस आणि दुष्काळ एक नव्हेत

आता सर्वांत मोठा घोटाळा. चौकटीतला पाऊस म्हणजे दुष्काळाचा पुरावा, असं धरून चालण्याचा. दुष्काळात पावसाइतकाच भाव, साठा, सारा, जनावरं, वाहतूक आणि सरकारची वागणूक यांचा हात असतो. १८७६-७८च्या दुष्काळात आपल्या भागात कामावर आलेल्या मजुराला दिवसाला पौंडभर धान्याच्या किमतीची मजुरी देण्याचं रिचर्ड टेंपलचं धोरण होतं. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली. पुणे सार्वजनिक सभेने ठिकठिकाणची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनं पाठवली. १८८४च्या बेळगाव गॅझेटिअरात, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतल्या एकविसाव्या खंडात, त्या दुष्काळाची हकीगत आहे. यातलं काहीही पावसाच्या आकड्यात सापडणार नाही.

१९१८ साल घ्या. देशभर पाऊस फार कमी झाला, चौकटी लाल आहेत आणि त्यात खोटं काही नाही. पण त्याच वर्षी मानमोडीची साथ आली. त्या सालच्या गावोगावच्या मृत्यूंचा हिशेब नुसत्या लाल रंगावर मांडला तर साथीने गेलेली माणसंही दुष्काळाच्या खात्यात जमा होतात.

पुराचीही गोष्ट अशीच. २००५, २०१९, २०२१ साली कृष्णाकाठच्या अथणी, रायबाग, चिकोडी तालुक्यांत पाणी शिरलं. तिथल्या चौकटी पाहून त्या पुराचा उलगडा होणार नाही, कारण पाणी आलं वरून, सह्याद्रीतून, कोयना-पंचगंगेच्या खोऱ्यांतून. चौकट पाऊस कुठे पडला ते सांगते. पाणी कुठून कुठे गेलं हे नदीला विचारावं लागतं.

म्हणून चौकटीच्या शेजारी दुसरा कागद ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे त्यासाठी उत्तम साधन म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक असं धरून गावचं पीक किती आणे आलं हे महसुली अंमलदार ठरवत आणि त्यावर साऱ्याची सूट किंवा तहकुबी ठरे. आणेवारी ठरवताना गाव आणि सरकार यांच्यात ओढाताण असे, तेव्हा तिचीही चिकित्सा हवी. पण ती गावाची असते, सातशे चौरस किलोमीटरच्या चौकटीची नसते. एखाद्या साली चौकट पांढरी आणि गावाला तहकुबी असेल, तर तिथेच संशोधनाचा खरा विषय सुरू होतो.

१९०१च्या अलीकडे आणि पलीकडे

जाळी १९०१ला सुरू होते. १८७६-७८ तिच्यात नाही. बडोदे आणि इंदूरकडच्या मंडळींना घरोघरी ऐकलेला छप्पन्याचा दुष्काळ, १८९९-१९००चा, तोही जाळीच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. ज्या दोन आपत्तींनी आपल्या लोकस्मृतीला आकार दिला त्या नकाशात नाहीत, आणि नकाशात आहे तेवढ्याचाच इतिहास लिहिण्याची सवय लागली तर त्या हळूहळू लेखनातूनही जातील. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने ३०६ केंद्रांवरून केलेली मासिक मालिका १८७१पासूनची आहे. तिचे आकडे मोठमोठ्या विभागांचे, त्यामुळे गावाला लावता येत नाहीत, पण त्या सालांचा एकूण कल पाहायला चालतात.

विभागांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. हवामान खात्याच्या विभागणीत बेळगाव जिल्हा 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागात येतो. म्हणजे कणकुंबीचा घाटमाथा विजापूर, रायचूर, बिदरच्या पंगतीला, आणि हाकेच्या अंतरावरचं चंदगड, आंबोली, गोवा वेगळ्या पंगतीला. १९५६ची राजकीय रेघ अशी पावसाच्या सरासरीतही उतरलीय. या बाबतीत जाळी बरी, तिला राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. पण मापक बसवणाऱ्यांना त्या ठाऊक होत्या. गोवा डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे. रामदुर्ग, जमखंडी, मुधोळ, कोल्हापूर ही संस्थानं १९४८-४९च्या विलीनीकरणापर्यंत आपापला कारभार पाहत होती. बेळगावला चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. प्रत्येक अंमलाची दप्तरं वेगळी, शिस्त वेगळी. गोव्याच्या चौकटीला १९०५ सालीही रंग आहे. तो कोणत्या मापकाच्या जोरावर, हा प्रश्न गोव्याच्या अभ्यासकांनी विचारलाच पाहिजे.

मग करायचं काय

हे साधन टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. १९१८ किंवा १९७२सारखी मोठी वर्षं किती दूरवर पसरली होती हे एका दृष्टिक्षेपात दाखवणारं दुसरं साधन आपल्याकडे नाही. पावसाने किती दिवस ओढ दिली, कोणत्या आठवड्यात झड लागली, कोणत्या पट्ट्यात एकाच वेळी ताण पडला, हे जाळी चांगलं सांगते. प्रश्न मुलखाचा असेल तर तिला जरूर विचारावं. एका गावाचा, एका शिवाराचा असेल तर तिचा शब्द शेवटचा मानू नये.

आपल्या मंडळाच्या लेखांपुरता तरी एक नियम करावा असं मी सुचवतो. पावसाचा नकाशा छापायचा तर त्याखाली पाच गोष्टी लिहायच्याच : जाळी कोणती आणि किती अंशाची, चौकटीच्या मध्याचे अक्षांश-रेखांश, सरासरी कोणत्या वर्षांची, बेरीज कोणत्या महिन्यांची, आणि त्या काळात जवळचा मापक कुठे होता. पाचवी गोष्ट कळत नसेल तर नकाशा छापावा, पण त्याच्या जोरावर कुणाची आठवण खोटी ठरवू नये.

त्या पाचव्या गोष्टीसाठी घराबाहेर पडावं लागेल. मामलेदार कचेऱ्यांत, पाटबंधाऱ्याच्या जुन्या ठाण्यांत, संस्थानांच्या दप्तरांत पर्जन्याच्या वह्या असत. त्यांवर रोजचा आकडा असतो, कधी शेजारी 'भांडे फुटले', 'कारकून रजेवर' असा एखादा शेरा असतो. जाळीत असा शेरा उरत नाही. पावसाचा अस्सल कागद तोच. किल्ल्यांचे दगड आणि ताम्रपट जपायला आपण धावतो, या वह्या मात्र रद्दीच्या वजनाने जातात. ज्या तालुक्यांत आपले सभासद आहेत, तिथे रीतसर परवानगी घेऊन या वह्यांची छायाचित्रं काढण्याचं काम हाती घेतलं, तर शंभर नकाशांपेक्षा ते मोठं होईल. जाळी उद्या पुन्हा विणता येईल, आणखी बारीक करता येईल. ज्या नोंदींवरून ती विणायची त्या गेल्या, तर अथणीच्या त्या आजोबांच्या बाजूने बोलायला कुणी उरणार नाही.